सबब, अर्ज कुणाकडे करावा

लूमच्या तेलाचा वास कुठेही आला, की त्याच्या पाठोपाठ मला पेपरमिंटच्या गोळीचा वास येतो आणि मग खुर्ची फरशीवरून करकरत मागे सरकल्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज म्हणजे गायकवाडकाका उभे राहिले.

कुणासाठी उभे राहिले हे सांगितलं तर पटायचं नाही. कॉम्प्युटरसाठी.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत शकीलभाईंचं सायबर कॅफे होतं. पूर्वी त्या शेडमध्ये त्यांचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, चालत. धंदा बसला तेव्हा लूम विकून शकीलभाईंनी तिथे सहा कॉम्प्युटर मांडले, भिंतींना आकाशी रंग दिला, दाराला काच लावली. पण इतकी वर्षं फरशी जे तेल प्याली होती ते काही आकाशी रंग पाहून आटलं नाही. शेजारच्या शेडमधले लूम अजून चालत होते. तिथली सुताची उडती लव काचेच्या दाराखालून आत येई आणि कीबोर्डवर पांढरी, मऊ साय धरी.

दर रविवारी सकाळी अकरा वाजता तिथल्या तीन नंबरच्या पडद्यावर एक परदेशी प्राध्यापक अवतरत, आणि गायकवाडकाका ताडकन उभे राहत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, गालात पेपरमिंट. हेडफोनची तार आखूड होती. काका उभे राहिले की हेडफोन कानांवरून घसरून गळ्यात येई. त्यामुळे त्या प्राध्यापकांनी श्रोत्यांचं केलेलं स्वागत काकांना ऐकूच येत नसे.

“गायकवाडसाब, वो आपको देख नहीं रहा,” शकीलभाई म्हणत.

“मी त्यांना बघतोय ना,” काका म्हणत, आणि प्राध्यापकांनी बोलायला सुरुवात केल्याची खात्री झाली की मगच बसत.

दौलत गणपत गायकवाड हे एका सरकारी कचेरीच्या निवडणूक शाखेतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. टेमघरला आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहत, मी पहिल्या मजल्यावर. ते वर्ष दोन हजार आठ. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक व्हायची होती, आणि तिकडच्या एका विद्यापीठाने मतदानाचा हक्क आणि अध्यक्षाची निवड या विषयावर आठ जाहीर व्याख्यानं इंटरनेटवर ठेवली होती. आठवड्याला एक, सर्वांना खुली, विनामूल्य. ही बातमी काकांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून कात्रीने कापून घेतली आणि घडी करून पाकिटात ठेवली.

“पण काका, अमेरिकेशी तुम्हाला काय करायचंय?” मी विचारलं होतं.

“शेजारच्या शाखेत काय चाललंय ते माणसाला माहीत असावं, मॅडम.”

आयुष्यभर सरकारी कागद लिहून काकांच्या तोंडची मराठीही टाचणी लावलेली झाली होती. ‘सबब’ हा शब्द ते दिवसातून दहा-बारा वेळा वापरत. “दूध नासले आहे, सबब चहा काळा मिळेल.” घरातला पंखा बिघडला तर तो ‘प्रथमदर्शनी निकामी’ असे. स्वतःच्या अविवाहित राहण्याचंही त्यांनी एका वाक्यात निवेदन करून टाकलं होतं: “तारीख निघाली की निवडणूक लागायची. दोनदा तारीख बदलली. तिसऱ्यांदा मुलीकडच्यांनी उमेदवार बदलला.”

इमारतीत कुणाकडे बाळ जन्मलं की बारशाला काका पाकीट घेऊन जात. पाकिटात पैसे नसत. मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज असे, ‘नमुना सहा’, शक्य तेवढा भरलेला. आईवडिलांची नावं, पत्ता, घर क्रमांक, आणि वर पेन्सिलीने अठरा वर्षं पुढच्या एक जानेवारीची तारीख. बाळाच्या नावाची जागा ते बारशातच भरत. कुणी तिथल्या तिथे नाव बदललं तर फार अस्वस्थ होत.

मी या गावी नोकरीसाठी आले, महाविद्यालयात मराठी कविता शिकवायला. सामान लावून तिसराच दिवस असेल. दार वाजलं, उघडलं, तर हे गृहस्थ.

“आपलं नाव कुठे आहे?”

“दारावर लावायचंय अजून.”

“दारावरचं नव्हे. यादीतलं.”

“साताऱ्याला असेल. वडिलांच्या घरी.”

“म्हणजे आपण इथे आणि नाव साताऱ्याला,” काका हळहळले, जणू मी पोटचं पोर मागे ठेवून आले होते. “हे बरं नव्हे.”

पुढच्या तीन महिन्यांत माझ्याहून जास्त खेटे त्यांनी घातले. नवी यादी लागली त्या दिवशी ती दाखवायला मला रिक्षातून नेलं आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट करून म्हणाले, “वाचा.” मी मनात वाचलं. “मोठ्याने,” ते म्हणाले. मी माझंच नाव भर कचेरीच्या व्हरांड्यात मोठ्याने वाचलं. काकांनी समाधानाने पेपरमिंटची गोळी पुढे केली.

कविता शिकवणाऱ्या बाईला इंग्रजी येणारच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. कचेरीतलं इंग्रजी त्यांना पाठ होतं. व्याख्यानाचं इंग्रजी मात्र वाहतं. म्हणून दर रविवारी मी शेजारच्या खुर्चीवर, आणि काका बसले की हेडफोनचा एक गोळा माझ्या कानाला, एक त्यांच्या. चित्र मधेच थिजायचं. प्राध्यापकांचा हात हवेत, तोंड अर्धं उघडं, आणि पडद्याच्या मध्यभागी ते गोल गोल फिरणारं कडं. तेवढ्या वेळात मी मागच्या वाक्याचं मराठी करून सांगायची. काका ते ऐकून थिजलेल्या प्राध्यापकांकडे बघून मान डोलवत. त्यांना घाई नसे. “सरांना श्वास घेऊ द्या,” म्हणत.

प्रत्येक व्याख्यानाचं पडसाद-व्याख्यान संध्याकाळी इमारतीच्या पायऱ्यांवर होई. श्रोता हमखास एकच, आमच्या मालकीण पाटीलकाकू. पूर्णा गावातल्या शेतावर गोदामं उभी राहिल्यापासून काकूंच्या हातात सोन्याच्या पाटल्या आणि भरपूर रिकामा वेळ होता.

“गायकवाड, काय झालं तुमच्या अमेरिकेचं? आला का न्हाय कोन निवडून?”

“अजून मतदान व्हायचंय, काकू.”

“मंग इतक्यांदा जाऊन ऐकता तरी काय?”

“तिकडे लोक थेट अध्यक्ष निवडत नाहीत. आधी निवडणारे निवडतात. मग ते निवडणारे अध्यक्ष निवडतात.”

काकूंनी पदर सारखा केला. “आमच्या सोसायटीत बी तसंच हाय. त्याला काय अमेरिका लागतंय?”

एकदा प्राध्यापकांनी सांगितलं की तिकडच्या काही भागांत काळ्या माणसांना मत देता येऊ नये म्हणून पूर्वी त्यांची परीक्षा घेत. बरणी पुढे ठेवून विचारत, यात गोळ्या किती. काका त्या दिवशी कॅफेतून निघाले ते थेट दुकानात, आणि पेपरमिंटची भरलेली काचेची बरणी घेऊन आले. आठवडाभर ती त्यांच्या दाराबाहेर स्टुलावर होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अडवत. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला.

“किती?”

“काय किती?”

“गोळ्या किती?”

“मला काय म्हाईत?”

“गेलं तुमचं मत!” काका टाळी वाजवत. मग लगेच चेहरा पाडून म्हणत, “असं करायचे, हो. माणसांना असं करायचे.” आणि ज्याचं मत गेलं त्याला मूठभर गोळ्या देत. पाटीलकाकूंनी मात्र बरणीकडे न बघता विचारलं, “तुमी मोजल्यात का पहिल्या?” त्यांनी मोजल्या नव्हत्या. “मंग परीक्षा कशी घेता?” हा मुद्दा काकांना इतका पटला की पुढच्या रविवारी तो प्राध्यापकांना कळवावा का, याचा ते गंभीरपणे विचार करत होते.

मी हसायची. महाविद्यालयात सहकाऱ्यांना हे किस्से रंगवून सांगायची. आता वाटतं, जरा कमी हसले असते तर पुढे ती हुशारी केली नसती.

पाचवं व्याख्यान मतदार याद्यांतून नावं गाळण्यावर होतं. प्राध्यापक सांगत होते की माणूस हयात असतो, घर तेच असतं, आणि तरी मतदानाच्या दिवशी त्याला सांगितलं जातं की तुमचं नाव नाही. मी मराठी करून सांगत होते. माझ्या लक्षात आलं, काकांच्या गालातली गोळी फिरायची थांबली होती.

तेवढ्यात लाइट गेली.

भिवंडीत लाइट गेल्याचं अंधाराने कळत नाही, शांततेने कळतं. गल्लीतले सगळे लूम एका क्षणी थांबतात, आणि दिवसरात्र कानांवर आपटणारी ती खटखट नाहीशी झाली की आपलंच रक्त कानांत वाजू लागतं. शकीलभाई काचेचं दार उघडून बाहेर जाऊन उभे राहिले. बाहेर कामगार बिड्या पेटवत होते.

“मॅडम,” काका म्हणाले, “हे रेकॉर्डवर घेऊ नका.”

काळ्या पडद्यात आमचे दोघांचे चेहरे अंधुक दिसत होते. काका त्या चेहऱ्यांकडे बघून बोलत होते.

“आईचं नाव दोन ठिकाणी होतं. गावच्या यादीत आणि इथल्या यादीत. दुबार. तालुका एकच, त्यामुळे दुबार नावं शोधायचं काम माझ्याच टेबलावर. आता मी लोकांची नावं काढणार आणि माझ्याच घरात दुबार? कचेरीत सगळ्यांच्या देखत म्हणालो, पहिलं नाव घरचं काढतो. गावची यादी माझ्याकडे, म्हणून गावचं काढलं. सही केली. छाती अशी फुगली होती, मॅडम.”

“मग इथलं राहिलं ना?”

“इथली यादी शेजारच्या टेबलावर. तिथला कारकून भला माणूस. मी बोललो ते त्याने ऐकलं होतं. त्याला वाटलं, गायकवाड बोलतोय खरं, पण आईच्या नावावर रेघ मारायला हात धजायचा नाही. माझा हात वाचवायला त्याने इथलं काढलं. मला सांगितलंसुद्धा नाही. उपकार बोलून दाखवणाऱ्यांतला नव्हता तो.” काका थोडे हसले. “दोघेही प्रामाणिक.”

बाहेर कुणीतरी कुणाला तरी शिवी घातली, कुणी हसलं.

“मतदानाच्या दिवशी माझी ड्युटी लांब, दुसऱ्या टोकाला. आई सकाळीच पांढरं लुगडं नेसून शाळेत गेली. तिला दर वेळी पहिल्या दहांत जायचं असायचं. म्हणायची, आयुष्यात ही एकच रांग बघितली, जिथे पुढच्याने मागे वळून ‘तू कुणातली’ असं विचारलं नाही. तासभर उभी होती. नाव नाही म्हणाले. ती म्हणाली, माझा मुलगाच याद्या करतो, नीट बघा. तर सगळे हसले.”

“मग?”

“मी दुसऱ्या दिवशी सकाळी परतलो. म्हणाली, दौलत, माझं नाव कुणी काढलं रे? मी म्हटलं, छपाईत राहिलं असेल. बघतो.”

“तुम्ही सांगितलं नाहीत?”

“ठरवलं होतं, आधी नाव परत घालू, मग सांगू. म्हणजे हसण्यावारी जाईल. नमुना सहा भरला. नाव आलंसुद्धा. यादी छापून आली तेव्हा आई नव्हती.” काकांनी घसा साफ केला. “मग ते मलाच पुन्हा काढावं लागलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, मयत.”

लाइट आली. सगळे लूम एकदम सुरू झाले आणि शकीलभाई कॉम्प्युटर पुन्हा चालू करायला आत आले.

त्याच व्याख्यानाच्या शेवटी एक सूचना होती. श्रोत्यांनी आपले प्रश्न शंभर शब्दांत लिहून ई-मेलने पाठवावेत. आठव्या, शेवटच्या व्याख्यानात निवडक प्रश्न वाचून दाखवले जातील आणि त्यांना उत्तरं दिली जातील. ही सूचना मी सांगितल्यावर काका उठून उभे राहिले. पडद्यावर कुणी नसताना उभं राहिलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला प्रश्न सांगितला. मी पोळ्या लाटता लाटता थांबून, पिठाच्या हातांनी तो पाठकोऱ्या कागदावर उतरवला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्यावर माझ्या बोटांचे पांढरट ठसे आहेत.

‘महोदय. श्रीमती सोनाबाई गणपत गायकवाड, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार टेमघर, यांचे नाव त्यांच्या मुलाने मतदार यादीतून वगळले. मुलगा संबंधित शाखेत कारकून होता. मतदारास याची कल्पना दिली नाही. मतदार आता हयात नाहीत. सबब, अर्ज कुणाकडे करावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे.’

“चूक कुणाची, ते विचारायचं नाही,” काकांनी बजावलं. “ते मला माहीत आहे. अर्ज कुणाकडे, एवढंच.”

मी रात्रीच्या जेवणाआधी त्याचं इंग्रजी करायला बसले. ‘महोदय’ लिहिलं आणि मला ते दूरचं सभागृह दिसलं. लाकडी खुर्च्या, तरुण मुलं, हातात कागद धरलेले प्राध्यापक. ते ‘सोनाबाई’ हा शब्द चाचपडत, अडखळत उच्चारतील. कुणीतरी हसेल. तिथे सोनाबाईंना कोण ओळखत होतं? टेमघर कुठे आहे हे कुणाला ठाऊक होतं? काकांची ती टाचणी लावलेली वाक्यं परक्या भाषेत फार केविलवाणी दिसत होती. त्यांना कुणी हसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं.

मी सगळं बाजूला सारलं आणि एक वाक्य लिहिलं. मराठीत सांगायचं तर ते असं होतं: ‘प्रामाणिक हातांनी पुसलेल्या नावाचं लोकशाही काय करते?’ इंग्रजीत त्याला छान लय होती. मी ते तीन वेळा मोठ्याने वाचलं. एक शब्द बदलला. पुन्हा वाचलं. आपल्या हातून बऱ्याच दिवसांनी काही चांगलं लिहून झालं, असा आनंद मला झाला, हेही इथे लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातून मी ते काकांच्या नावाने पाठवून दिलं.

“रवाना झाला?” काकांनी जिन्यातच विचारलं.

“झाला.”

“जसाच्या तसा?”

“हो, काका.”

त्यांनी दोन्ही हात जोडले. मीही जोडले.

आठव्या रविवारी शकीलभाईंच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. काकांनी कुणाला काय सांगितलं होतं कोण जाणे. ‘आपला प्रश्न अमेरिकेत लागलाय’ ही बातमी नाक्यापर्यंत गेली होती. विद्यापीठाने आठवडाभर आधीच निवडलेल्या प्रश्नकर्त्यांची नावं जाहीर केली होती आणि त्यांत भारतातलं एकच होतं. शकीलभाईंनी कुठूनतरी लग्नातले मोठे स्पीकर आणले होते. शेजारचे लूमवाले शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता, केसांत सूत अडकलेले, तसेच आत येऊन उभे होते. पाटीलकाकू पेढ्यांचा खोका मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत.

“मास्तरीनबाय, आज हेंचं नाव येनार हाय का?”

“येणार आहे, काकू.”

“बघा की. आमच्या गोदामाचा पत्ता पोस्टमनला सापडत न्हाय, नि हेंचं नाव अमेरिकेत!”

काकांचा शर्ट कोरा होता. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. प्राध्यापक आले, काका उभे राहिले. त्या दिवशी हेडफोन नव्हते, त्यामुळे स्वागताचे शब्द त्यांना पहिल्यांदाच ऐकू आले. ते ऐकून त्यांनी किंचित मान लववली. आणि काका उभे म्हटल्यावर लूमवालेही टोप्या सावरून ताठ झाले.

चौथा प्रश्न त्यांचा होता. प्राध्यापकांनी चष्मा पुढे ओढला आणि ‘गायकवाड’ या आडनावाची, त्यांना जमेल तशी, तीन तुकड्यांत विभागणी केली. शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. शकीलभाईंनी शिट्टी मारली.

काकांनी हात वर केला. “थांबा. पुढे येतंय.”

प्राध्यापकांनी माझं वाक्य वाचलं. वाचून म्हणाले की हा फार सुंदर प्रश्न आहे. मी ते मराठीत सांगितलं. पुन्हा टाळ्या. मग पाचेक मिनिटं ते लोकशाहीबद्दल, कायद्याबद्दल, स्मरणाबद्दल बोलले. चांगलंच बोलले. मी भाषांतर करत होते आणि माझ्या आवाजात मला न शोभणारं एक तेज आलं होतं.

काका प्राध्यापकांच्या तोंडाकडे बघत होते. पाचव्या प्रश्नाला सुरुवात झाली तरी ते तसेच, कान पुढे करून, मान एका बाजूला कलती.

पेढे वाटले गेले. लूमवाल्यांनी काकांशी हात मिळवले. “चाचा, आपने तो नाम कर दिया!” पाटीलकाकूंनी एक पेढा काकांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, “गायकवाड, आज तुमची आय असती तं!” त्या सहज बोलल्या आणि खोका मिटून निघून गेल्या. शेड रिकामी झाली. बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारी लूमची खटखट.

“शकीलभाई,” काका म्हणाले, “जरा मागे घेता? माझा प्रश्न.”

शकीलभाईंनी पुन्हा लावलं. चष्मा, आडनाव, माझं वाक्य, सुंदर प्रश्न.

“पुन्हा एकदा.”

पुन्हा लावलं. मग शकीलभाई माझ्याकडे बघून हळूच उठले आणि स्पीकरच्या तारा गुंडाळू लागले.

काकांच्या हातातला पेढा तसाच होता. ते माझ्याकडे वळले. आवाज नेहमीचाच, मऊ, जरासा अधिक हळू.

“केंद्रावर कसं असतं, मॅडम, की मतदार आत आला की पहिला अधिकारी त्याचं नाव मोठ्याने पुकारतो. पूर्ण नाव. सगळ्यांना ऐकू जाईल असं. तसा नियमच आहे. त्या दिवशी आईचं पुकारलं गेलं नाही.” त्यांनी पेढ्याकडे बघितलं, तो टेबलाच्या कडेला ठेवला, रुमालाने बोटं पुसली. “म्हटलं, उत्तर काय द्यायचं ते देतील. त्यांना तरी कुठे ठाऊक असणार, अर्ज कुणाकडे करायचा ते? पण प्रश्न वाचतील. प्रश्न वाचायचा म्हणजे नाव वाचावं लागणार. एवढी मोठी सभा, सगळी शिकलेली माणसं. एकदा पुकारलं जाईल.”

मी कीबोर्डवरची सुताची लव बोटाने पुसत राहिले.

“या सरांनी गाळलं असेल,” काका स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. “वेळ कमी असतो त्यांना. तुम्ही तर लिहिलं होतं.”

हीच वेळ होती. मी नुसती होकाराची मान हलवली असती तर ते मुकाट्याने उठले असते. ज्या प्राध्यापकांसाठी ते आठ रविवार उभे राहिले त्यांच्यावर सगळं ढकलून आम्ही दोघं रिक्षाने टेमघरला गेलो असतो. एकदा खोटं बोललेच होते. दुसऱ्यांदा जीभ वळली नाही.

“नाही, काका,” मी म्हणाले. “त्यांनी नाही गाळलं. ते नाव मीच वगळलं.”

मला वाटलं, ते रागावतील. निदान चेहरा फिरवतील. काका खुर्ची थोडी माझ्याकडे ओढून बसले. खिडकीशी आलेल्या, घाबरलेल्या, प्रथमच कचेरीत पाऊल टाकलेल्या माणसाचं नीट ऐकू यावं म्हणून ते नोकरीत जसे पुढे वाकत असतील, तसे वाकले. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात जराही धार नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी मला विचारलं,

“कारण?”